‘पट्’ : ढकलणी की टोला? गोल्फमधील आखूड पट्‌चा इतिहास

गोल्फच्या गणनेत अडीचशे यार्ड दूर जाणारा टोला आणि हातभर अंतरावरील छिद्रात चेंडू घालणारा टोला यांची किंमत एकच आहे. दोहोंचा हिशेब ‘एक’ असाच मांडला जातो. पहिल्या टोल्यास बळ, लवचिकपणा आणि वर्षानुवर्षांची तालीम लागते. दुसरा टोला लहान मूलही मारू शकेल, असे पाहणाऱ्यास वाटते. तरीही या खेळातील थोर खेळाडूंच्या चरित्रांत जे प्रसंग शल्यासारखे राहून गेले आहेत, ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचे आहेत. सेंट अँड्र्यूज येथे १९७० साली डग सँडर्स यांस ‘ओपन’ स्पर्धेचे विजेतेपद मिळविण्यासाठी शेवटच्या छिद्राशी जेमतेम तीन फुटांचा पट् साधावयाचा होता. तो चुकला, आणि दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक फेरीत जॅक निक्लस जिंकले. ऑगस्टा येथे १९८९ साली स्कॉट हॉक यांनी सुमारे दोन फुटांचा पट् चुकविला आणि विजय निक फाल्डो यांच्याकडे गेला. अगदी अलीकडे, २०२४ च्या अमेरिकन ओपनमध्ये, रॉरी मॅकिलरॉय यांनी सोळाव्या छिद्राशी अडीच फुटांचा व अठराव्याशी चार फुटांहून कमी अंतराचा असे दोन पट् गमावले. ते हरले एका टोल्याने.

या घटनांची रूढ उपपत्ती एका शब्दात सांगितली जाते : मनोदौर्बल्य. ती सर्वस्वी खोटी आहे असे नव्हे. पण इतिहासाच्या दृष्टीने ती अपुरी आहे. आखूड पट् आज ज्या अर्थाने अवघड आहे त्या अर्थाने तो दोनशे वर्षांपूर्वी अवघड नव्हता. हे अवघडपण घडत गेले आहे. त्याचा काही भाग जमीन व छिद्र यांना आलेल्या रेखीवपणातून घडला, आणि काही भाग नियमकर्त्यांनी ‘टोला’ या शब्दाच्या केलेल्या व्याख्येतून. हा दुसरा भाग भाषेच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटावा. खेळाच्या इतिहासात प्रस्तुत लेखकाने पाऊल टाकले ते त्याच निमित्ताने.

प्रथम शब्दाकडे पाहू. इंग्रजीतील ‘ठेवणे’ या अर्थाचे क्रियापद आणि गोल्फमधील हा शब्द मूळचे एकच. स्कॉटलंडच्या बोलीत या क्रियापदाचा अर्थ ढकलणे, धक्का देणे, रेटणे असा होता. आपण ज्यास गोळाफेक म्हणतो त्या खेळाच्या इंग्रजी नावातही हेच क्रियापद आहे, आणि तेथेही गोळा वास्तविक फेकावयाचा नसून खांद्यापासून रेटावयाचा असतो. गोल्फमध्ये स्कॉटिश उच्चार टिकून राहिला आणि लेखनात भेद दाखविण्यासाठी अंत्य व्यंजनाचे द्वित्व करण्यात आले. इंग्रजी लिपीस जे द्वित्वाने सुचवावे लागते ते देवनागरी एका स्वराने स्वच्छ दाखविते : ‘पुट्’ नव्हे, ‘पट्’. (हलन्त लिहिण्याचे कारण एवढेच की सोंगट्यांचा पट मनात येऊ नये. ‘लघुपट’ हा सुटसुटीत शब्द तर चित्रपटवाल्यांनी आधीच अडवून ठेवला आहे. म्हणून ‘आखूड पट्’.) तेव्हा नावाप्रमाणे पाहिले तर हा टोला नव्हेच; ही ढकलणी आहे. परंतु गोल्फचे नियम दीर्घ काळ नेमके उलट सांगत आले आहेत. काठीच्या डोक्याने चेंडूवर रीतसर आघात झाला पाहिजे. चेंडू ढकलता, खरवडत नेता किंवा पळीने उचलल्यासारखा उचलता कामा नये. ज्या कृतीचे नाव ‘ढकल’, तीत ढकलण्यास बंदी. हा विरोध केवळ शाब्दिक गंमत म्हणून सोडून देता येईल असा नाही. पुढील दीडशे वर्षांचे वाद याच फटीतून उगवलेले आहेत.

जमिनीची हकीकत अशी. स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ साली गोल्फवर बंदी घातली, त्यावरून खेळ तेव्हाच लोकप्रिय होता एवढे कळते; तो कसा खेळत हे कळत नाही. ते कळू लागते १७४४ पासून. त्या साली लीथ येथील गोल्फ खेळणाऱ्या मंडळींनी तेरा कलमांचा नियमपट तयार केला. त्यातील पहिलेच कलम सांगते की, पुढील खेळासाठी चेंडू छिद्रापासून एका काठीच्या अंतरात मांडावा. ज्या छिद्रात आताच चेंडू घातला त्याच्या काठाशी उभे राहून पुढचा लांब टोला मारावयाचा, असा याचा अर्थ. चेंडू उंचावर मांडण्यासाठी लागणारी चिमूटभर वाळूही बहुधा त्याच छिद्रातून काढीत. परिणामी छिद्र दिवसेंदिवस खोल व फाटके होई आणि त्याच्या भोवतालची जमीन टाचांनी तुडविलेली व टोल्यांनी उखडलेली असे. आपल्याकडे मुले गोट्यांसाठी जी गल खणतात तिच्याशीच या छिद्राचे नाते अधिक जवळचे. अशा जागी तीन फुटांवरून चेंडू चुकला तर त्याचा दोष कोणी हातास देत नसे. दगडास, खाचेस, मेंढ्यांस, वाऱ्यास तो वाटून दिला जाई.

‘ग्रीन’ हा शब्दही त्या काळी छिद्राभोवतीच्या कातरलेल्या वर्तुळाचा वाचक नव्हता. सबंध मैदान म्हणजे ग्रीन. मैदानाची निगा राखणाऱ्यास आजही ‘ग्रीनकीपर’ म्हणतात, त्यात तो जुना अर्थ शिल्लक आहे. आणि ‘थ्रू द ग्रीन’ हा वाक्प्रचार तर २०१९ च्या नियमावलीतून वगळला जाईपर्यंत त्याच जुन्या अर्थाने कायद्याच्या भाषेत नांदत होता. अर्थसंकोचाचे याहून चांगले उदाहरण वर्गात देता येणार नाही. वस्तू वेगळी झाली तेव्हा शब्द आकसला. हिरवळ वेगळी होण्यास मुख्यतः दोन गोष्टी कारण झाल्या. एडविन बडिंग यांनी १८३० साली गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यामुळे मेंढ्यांनी खुरटलेल्या गवताऐवजी एकसारखे कापलेले गवत शक्य झाले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चेंडू मांडण्याची जागा छिद्रापासून पूर्णपणे तोडण्यात आली. सेंट अँड्र्यूज येथे थोरले टॉम मॉरिस यांनी हिरवळीवर वाळू पसरून गवत दाट करण्याची रीत रूढ केली. (हिंदुस्थानातील कोरड्या प्रदेशांत हिरवळ राखणे न परवडल्यामुळे वाळूची दाबून सपाट केलेली वर्तुळे करीत आणि त्यांस ‘ब्राउन’ म्हणत. हिरव्याच्या जागी तपकिरी आले. मात्र शब्दाची घडण तीच राहिली.)

राहता राहिले छिद्र. मसलबरा येथे १८२९ सालचे छिद्र कापण्याचे एक लोखंडी साधन होते. त्याने सव्वाचार इंच व्यासाचे छिद्र पडे. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने १८९१ साली हेच माप सर्वत्र बंधनकारक केले. सव्वाचारच का, चार किंवा पाच का नाही, याला त्या साधनापलीकडे तात्त्विक उत्तर नाही. परंतु परिणाम दूरगामी झाला. माप कायम झाले, काठ रेखीव झाला, गवत सारखे झाले. चुकीचे जे वाटेकरी होते ते एकेक करून निघून गेले आणि मागे एकटा माणसाचा हात उरला.

त्याच सुमारास हिशेबाची पद्धतही पालटत होती. जुना खेळ मुख्यतः समोरासमोरच्या सामन्याचा. त्यात प्रत्येक छिद्र स्वतंत्रपणे जिंकावयाचे वा गमवावयाचे, आणि प्रतिस्पर्ध्याचा चेंडू छिद्राच्या अगदी निकट असेल तर ‘तो गेलाच असे समजू’ म्हणून सोडून देण्याची मुभा. ही मुभा आजही सामन्याच्या प्रकारात आहे. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९६९ च्या रायडर कप स्पर्धेतील : रॉयल बर्कडेल येथे शेवटच्या छिद्रावर निक्लस यांनी टोनी जॅकलिन यांचा दोन फुटांच्या आसपासचा पट् न खेळविताच मान्य केला, आणि ब्रिटन-अमेरिका सामना प्रथमच १६-१६ असा बरोबरीत सुटला. निक्लस यांच्या औदार्याचे कौतुक झाले ते रास्तच. परंतु ज्याअर्थी दोन फुटांचा पट् ‘देणे’ हे औदार्य ठरले, त्याअर्थी तो चुकण्याचा संभव सर्वांनी गृहीत धरला होता. १८६० साली प्रेस्टविक येथे सुरू झालेल्या ओपन स्पर्धेत मात्र एकूण टोल्यांची मोजणी होती. तेथे कोणी कोणाला काही देऊ शकत नव्हते. प्रत्येक आखूड पट् शेवटपर्यंत खेळावाच लागे.

या नव्या व्यवस्थेचा पहिला नामांकित बळी म्हणजे तेच थोरले टॉम मॉरिस. चार वेळा ओपन जिंकलेला हा पुरुष आखूड पट्‌साठी कुप्रसिद्ध होता. एकाने ‘आखूड पट् चुकविणारा, प्रेस्टविक’ एवढ्याच पत्त्यावर पत्र टाकले आणि टपालवाल्याने ते न विचारता टॉम यांच्या हाती दिले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेची शब्दशः सत्यता बाजूस ठेवली तरी तिचा काळ पाहण्यासारखा आहे. टॉम प्रेस्टविकला होते ते १८५१ ते १८६४ या वर्षांत. चुकलेला आखूड पट् हा माणसाचा गुणविशेष, जवळजवळ त्याचे आडनाव होण्याइतका, मानला जाऊ लागला होता याचा हा पुरावा समजण्यास हरकत नाही.

मसलबऱ्याचे धाकटे विली पार्क (ओपन विजेते, १८८७ व १८८९) हे पट्‌कडे स्वतंत्र विद्या म्हणून पाहणारे पहिले व्यावसायिक. १८९६ साली त्यांनी गोल्फवर पुस्तक लिहिले आणि १९२० साली केवळ पट्‌च्या कलेवर दुसरे. त्यांचे सामर्थ्य अखंड सरावात होते. त्यांच्या उलट बाजूस हॅरी व्हार्डन उभे आहेत. सहा वेळा ओपन जिंकण्याचा त्यांचा विक्रम (१८९६ ते १९१४) अद्याप कोणी मोडलेला नाही. १९०३ च्या विजयाच्या सुमारास त्यांस क्षयाने गाठले. आरोग्यधामात राहून ते बरे झाले, पण पुढे आखूड पट्‌च्या वेळी त्यांचा उजवा हात अकस्मात झटका देऊ लागला. आपल्या आठवणींत त्यांनी या अवस्थेचे जे वर्णन केले आहे ते वैद्यकीय टिपणाइतके काटेकोर आहे. चेंडूपाशी उभे राहिल्यावर एकदोन क्षणांतच आपली दृष्टी चेंडूवरून ढळून उजव्या हातावर खिळे. हात आता उसळणार असे वाटताच, तो उसळण्यापूर्वी टोला उरकून टाकण्यासाठी आपण चेंडूवर झडप घालीत असू, असे ते सांगतात. लांब पट्‌मध्ये हा त्रास होत नसे. १९२० साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, टोलिडो येथील अमेरिकन ओपनमध्ये शेवटची काही छिद्रे उरली असताना ते स्पष्ट आघाडीवर होते. सरोवराकडून वादळी वारा सुटला, थकव्याने ग्रासले, आणि एकामागून एक हिरवळीवर त्यांना तीन तीन पट् लागले. टेड रे एका टोल्याने जिंकले. ‘दृष्टी हातावर खिळे’ हे व्हार्डन यांचे निरीक्षण वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

या व्याधीस नाव मिळाले ते पुढच्या पिढीत. ‘यिप्स’ हा शब्द रूढ करण्याचे श्रेय टॉमी आर्मर यांना दिले जाते. ते १९२७ चे अमेरिकन व १९३१ चे ब्रिटिश ओपन विजेते. मूळचे एडिंबरोचे, पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले, आणि स्वतःच या विकाराने पीडित. शब्द अनुकरणवाचक दिसतो. दचकून निघणाऱ्या किंचाळीसारखा त्याचा ध्वनी आहे. आपल्या ‘दचक’, ‘झटका’ या शब्दांतही तीच स्पर्शव्यंजनांची आकस्मिकता आहे. नाव मिळाल्याने व्याधी बरी होत नाही, पण ती सांगण्याजोगी होते. आणि कित्येक खेळाडूंनी तिचा उच्चार करण्याचेही टाळले, हेही तितकेच खरे. मेयो क्लिनिकशी संबंधित संशोधकांनी २००३ साली मांडलेल्या उपपत्तीप्रमाणे यिप्स हा एकच विकार नसून एक पट्टा आहे. त्याच्या एका टोकास लेखनिकांच्या व वादकांच्या हातास होतो तसा स्थानिक स्नायुविकार आहे, दुसऱ्या टोकास दडपणाखालील कोलमडणे आहे, आणि बहुतेक रुग्ण मध्ये कोठेतरी सापडतात. म्हणजे ‘मनोदौर्बल्य’ म्हणून ज्यांची संभावना झाली त्यांतील काहींचा दोष मनाचा नव्हताच.

मग ज्याचा हात असा बंड करतो त्याने काय करावे? काठी बदलावी, पकड बदलावी, उभे राहण्याची रीत बदलावी. पुढील सारा इतिहास या तीन उपायांचा, आणि त्यांना मिळालेल्या उत्तरांचा आहे.

काठीपासून आरंभ करू. न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या आर्थर नाइट यांनी एक पटर तयार केला, ज्याचा दांडा डोक्याच्या टोकास न बसविता मध्याजवळ बसविलेला होता. असा दांडा असला की आघाताच्या वेळी काठीचे तोंड कमी वळते. वॉल्टर ट्रॅव्हिस या अमेरिकन हौशी खेळाडूने १९०४ साली सँडविच येथे हाच पटर घेऊन ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकली. परदेशी पाहुण्याने ती जिंकण्याची ती पहिलीच वेळ. १९१० साली सेंट अँड्र्यूजच्या नियमकर्त्यांनी हा प्रकार निषिद्ध ठरविला. अमेरिकन संघटनेने मात्र तो चालू ठेवला, आणि चार दशके एकच काठी अटलांटिकच्या एका तीरावर विहित व दुसऱ्या तीरावर निषिद्ध राहिली. तिला मोकळीक मिळाली ती १९५२ पासून लागू झालेल्या संयुक्त नियमावलीत. त्याच नियमावलीने ‘स्टायमी’, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा चेंडू वाटेत आडवा असला तरी तो न उचलता खेळण्याची जुनी सक्ती, रद्द केली. आखूड पट् चुकण्याचे उरलेसुरले बाह्य कारणही अशा रीतीने गेले.

अमेरिकन संघटना सर्वच बाबतींत उदार होती असे मात्र समजू नये. १८९५ साली, स्थापनेनंतर वर्षभरातच, पट्‌साठी बिलियर्डची काठी वापरण्यास तिने मनाई केली होती. बिलियर्डच्या काठीने चेंडूवर आघातच होतो. तरीही तो ‘गोल्फचा टोला’ नव्हे असे ठरले. टोला कशाला म्हणावे याची व्याख्या लेखी होण्यापूर्वीच कशाला म्हणू नये हे ठरू लागले होते.

पकड आणि हालचाल यांतील बदल अधिक सावकाश व विनातक्रार घडला. जुन्या, सुस्त हिरवळीवर चेंडूस तडाखा द्यावा लागे, म्हणून मनगटाचा झटका उपयोगी पडे. आर्नल्ड पामर व बिली कॅस्पर यांच्या पिढीपर्यंत, म्हणजे १९६० च्या आसपासपर्यंत, उत्तम पट् करणारे बहुधा मनगटानेच करीत. पुढे गवत अधिकाधिक खोल कापले जाऊ लागले. हिरवळीचा वेग मोजण्याचे साधन एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ सालची ओकमाँट येथील स्पर्धा पाहून बनविले होते. सत्तरीच्या दशकात अमेरिकन संघटनेने ते स्वीकारले, आणि मोजता येऊ लागलेली गोष्ट वाढविण्याची स्पर्धा लागली. वेगवान हिरवळीवर इतके अल्प बळ पुरते की मनगटाच्या व बोटांच्या लहान स्नायूंना ते सारख्या मात्रेने देणे जमत नाही. म्हणून मनगटे स्थिर ठेवून दोन्ही खांदे व हात एका लंबकासारखे हलविण्याची रीत आली. डावा हात खाली घेऊन उजवा वर धरणे, किंवा उजव्या हाताची बोटे पंजासारखी नुसती टेकविणे, हे पकडीचे नवे प्रकारही त्याच उद्देशाचे : उजव्या हाताच्या झटक्यास वाव ठेवावयाचा नाही. पहिल्या रीतीने जॉर्डन स्पीथ यांनी २०१५ ची मास्टर्स जिंकली.

येथे थोडे गणित आवश्यक आहे, कारण त्यावाचून सरावाचे उपाय समजणार नाहीत. छिद्राचा अर्धा व्यास सव्वादोन इंचांहूनही थोडा कमी. हळू पोचणाऱ्या चेंडूच्या बाबतीत, तीन फुटांवरून नेमाच्या प्रत्येक बाजूस सुमारे ३.४ अंशांची चूक खपते. सहा फुटांवरून जेमतेम १.७ अंशांची. चेंडू वेगाने आला तर छिद्र जणू आकसते. ब्रायन होम्स यांनी १९९१ साली दाखविले की, नेमका मध्यावर आलेला चेंडूसुद्धा सेकंदास सुमारे १.६ मीटरहून वेगवान असेल तर छिद्र ओलांडून जातो. चेंडूची आरंभीची दिशा मुख्यतः आघाताच्या क्षणी काठीचे तोंड कोठे आहे यावर ठरते. काठीच्या मार्गाचा वाटा त्या मानाने थोडा. म्हणून आखूड पट्‌च्या सरावात शिक्षक पहिल्याने तोंड सरळ ठेवण्यावर भर देतात. पटरच्या डोक्यास जेमतेम वाट राहील अशा दोन खुंट्या रोवून त्यांमधून काठी नेणे, किंवा चेंडूपुढे हातभर अंतरावर दोन खुंट्यांचे दार करून त्यातून चेंडू पाठविणे, हे सराव याच गणिताचे मूर्त रूप आहेत. कार्स्टन सोल्हाइम यांनी काठीच्या डोक्याचे वजन दोन्ही टोकांस विभागून तोंड वळण्याची प्रवृत्ती कमी केली. त्यांचा १९६६ चा पटर आजही असंख्य नमुन्यांचा मूळपुरुष आहे. (सोल्हाइम हेही जनरल इलेक्ट्रिकचेच अभियंते, हा योगायोग नोंदण्यासारखा. त्यांच्या पहिल्या पटरचे ‘पिंग’ हे नाव तर चेंडू लागताच होणाऱ्या आवाजावरून आलेले.) इतके सर्व करूनही अमेरिकन व्यावसायिक दौऱ्यातील खेळाडूंचे प्रमाण, मार्क ब्रॉडी यांच्या आकडेवारीनुसार, तीन फुटांवरून शेकडा ९६, पाच फुटांवरून ७७ आणि आठ फुटांवरून ५० एवढेच आहे.

उभे राहण्याच्या रीतीचा वाद सॅम स्नीड यांच्या नावाशी जोडलेला आहे. १९४७ च्या अमेरिकन ओपनच्या निर्णायक फेरीत, सेंट लुईस येथे, शेवटच्या छिद्रावर स्नीड आणि लू वर्शम यांचे चेंडू जवळजवळ सारख्याच, सुमारे अडीच फुटांच्या अंतरावर होते. स्नीड पट् मारण्याच्या बेतात असताना वर्शम यांनी कोणाचा चेंडू अधिक दूर आहे हे मोजण्याची मागणी केली. फीत आली, मोजणी झाली. स्नीड यांचाच चेंडू इंचभर दूर निघाला. ते पुन्हा उभे राहिले आणि पट् चुकला. वर्शम यांचा गेला. अमेरिकन ओपन स्नीड यांस अखेरपर्यंत लाभली नाही. पुढे यिप्सने ग्रासल्यावर १९६६ साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, त्यांनी एक अजब रीत स्वीकारली : क्रोके खेळणाऱ्यासारखे छिद्राकडे तोंड करून, चेंडूच्या मार्गाच्या दोन्ही बाजूंस एकेक पाय ठेवून, पायांमधून चेंडू मारावयाचा. दोन्ही डोळे नेमाच्या रेषेवर येतात, उजव्या हाताच्या आडव्या झटक्यास जागाच उरत नाही. शरीरशास्त्राच्या दृष्टीने या उपायात खोट काढणे कठीण. परंतु १९६८ च्या आरंभापासून पट्‌च्या रेषेवर पाय पसरून उभे राहण्यास मनाई झाली. स्नीड यांनी दोन्ही पाय रेषेच्या एका बाजूस घेतले, छिद्राकडे तोंड ठेवले, आणि तशा तिरक्या बैठकीने वर्षानुवर्षे खेळत राहिले. नियमाने उभे राहण्याची जागा हिरावून घेतली. दृष्टीची दिशा मात्र त्यांनी सोडली नाही.

दृष्टीचे महत्त्व पुढे स्वतंत्रपणे सिद्ध झाले. कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी पट् करणाऱ्यांच्या नजरेची यंत्राने नोंद घेऊन १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुशल खेळाडूची नजर टोल्यापूर्वी चेंडूच्या एकाच बिंदूवर स्थिरावते, सुमारे दोन सेकंद तेथेच राहते, आणि आघातानंतरही क्षणभर तेथून हलत नाही. अकुशल खेळाडूची नजर काठी, चेंडू, छिद्र यांत भिरभिरते. आता व्हार्डन यांची साक्ष पुन्हा वाचावी. एकदोन क्षणांनंतर नजर चेंडूवरून हातावर गेली, हे त्यांनी यंत्रावाचून टिपले होते. नजर ढळल्याने हात उसळला की हात उसळण्याच्या धास्तीने नजर ढळली, हे त्यांच्या वर्णनावरून ठरविता येत नाही. पण आज आखूड पट् शिकविताना ‘चेंडू छिद्रात पडल्याचा आवाज ऐका, पाहू नका’ असे जे सांगतात, त्याचे कारण त्या वर्णनात आहे.

शेवटचा मोठा वाद लांब पटरचा. त्याचा वरचा शेंडा छाती, पोट वा हनुवटीशी टेकवून ठेवला की काठी एका स्थिर खुंट्याभोवती झुलते आणि हाताचा कंप तोंडापर्यंत पोचत नाही. जर्मनीचे बर्नहार्ड लँगर यांस यिप्सने अनेकदा गाठले. १९९१ साली कियावा आयलंड येथे रायडर कपचा निर्णय ज्यावर अवलंबून होता तो सुमारे सहा फुटांचा पट् त्यांनी गमावला. त्या वेळी ते काठीचा दांडा डाव्या हाताच्या पुढील भागाशी टेकवून उजव्या हाताने तेथेच आवळून धरीत. अशाच पकडीने त्यांनी १९९३ ची मास्टर्स जिंकली, आणि नंतर लांब पटरकडे वळले. दुबळ्यांची कुबडी म्हणून या काठीकडे पाहिले जात होते, तोवर कोणाची फारशी हरकत नव्हती. २०११ साली कीगन ब्रॅडली यांनी पोटाशी टेकविलेल्या पटरने पीजीए अजिंक्यपद जिंकले; पाठोपाठ २०१२ साली वेब सिम्पसन व एर्नी एल्स यांनी, तर २०१३ साली अॅडम स्कॉट यांनी छातीशी टेकविलेल्या काठीने मोठ्या स्पर्धा जिंकल्या, आणि मग मात्र हरकत आली. २०१३ च्या मे महिन्यात निर्णय जाहीर झाला व १ जानेवारी २०१६ पासून अमलात आला : काठी शरीराशी टेकवून खुंटविता येणार नाही.

या निर्णयाचे समर्थन वाचण्यासारखे आहे. टेकविलेल्या काठीने पट् अधिक जातात हे सिद्ध झाले आहे, असे दोन्ही संस्थांनी म्हटले नाही. काठी दोन्ही हातांनी मोकळी झुलविणे हे टोल्याचे सार आहे आणि टेकविलेल्या काठीत ते उरत नाही, एवढाच त्यांचा युक्तिवाद. म्हणजे प्रश्न लाभालाभाचा नव्हता, व्याख्येचा होता. १८९५ सालची बिलियर्डची काठी, १९६८ सालची स्नीड यांची बैठक आणि २०१६ सालची लांब काठी यांना नाकारणारी बुद्धी एकच आहे. प्रस्तुत लेखकास ती सर्वस्वी अमान्य नाही; खेळ हा नियमांनीच खेळ होतो. परंतु प्रत्येक वेळी व्याख्या तपशिलाने लिहिली गेली ती एखाद्या पीडिताने उपाय शोधल्यानंतर, किंवा त्या उपायाने कोणी जिंकल्यानंतर, हा अनुक्रम दुर्लक्षिण्यासारखा नाही.

व्याख्येच्या मजकुरात दोन गोष्टी भाषिक दृष्ट्या मननीय आहेत. एक, शरीरास काठी टेकविण्यास बंदी असली तरी हात व कोपरापुढील बाहू त्यातून वगळले आहेत. तेव्हा नियमापुरते बोलावयाचे तर मनुष्याचा अग्रबाहू त्याच्या शरीरात मोडत नाही. लँगर यांची १९९३ ची पकड आजही विहित आहे ती याच अपवादामुळे; आणि दांडा बाहूस समांतर टेकविण्याची जी रीत अलीकडे पसरली आहे, तीही. दुसरी गोष्ट एका क्रियाविशेषणाची. काठी किंवा ती धरणारा हात ‘हेतुपुरस्सर’ शरीराशी टेकविणे निषिद्ध आहे. अंगरख्यास ओझरता स्पर्श झाला तर दोष नाही. लँगर यांनी बंदीनंतरही लांब काठी सोडली नाही, फक्त वरचा हात छातीपासून अलग धरला. २०१७ साली दूरचित्रवाणीवरील दृश्ये पाहून कित्येकांनी शंका घेतली की हात खरोखर अलग आहे काय. अमेरिकन संघटनेने चौकशीअंती निवेदन काढले की नियमभंगाचा पुरावा नाही, आणि हेतू हा नियमाचा अविभाज्य घटक आहे. तीच काठी घेऊन, वरचा हात छातीपासून वेगळा ठेवून, लँगर यांनी २०२३ साली वयाच्या पासष्टाव्या वर्षी अमेरिकन सीनिअर ओपन स्पर्धा जिंकली.